दसऱ्याला आणलेला पेंग्विन

चहा ठेवलाय, येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. आमच्या घरी कॉम्प्युटरवर पेंग्विन कसा आला हे तुम्ही आधी कुठं ऐकलं असेल, तर ते शामूअण्णाच्या तोंडून ऐकलं असणार, आणि शामूअण्णा स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो. मी माझं मीच सांगतो. हसायचं तिथं हसा. शेवटी हसू आलं नाही तर मात्र मला बोल लावू नका.

तर मी माने मास्तर. तेहतीस वर्षं कोल्हापुरातल्या एकाच शाळेत विज्ञान शिकवलं. विज्ञानाचा मास्तर म्हटलं की लोकांना वाटतं, याला यंत्रातलं सगळं कळत असणार. मला यंत्राचं तत्त्व कळतं हो, बटण कळत नाही. विद्युतघंटेची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढीन, पण खऱ्या घंटेचं बटण माझ्या हाताला लागलं की काहीतरी विपरीत घडलंच म्हणून समजा.

हे आमच्या शाळेत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. बाबूभाई. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, राहायला कुरुंदवाडला, रोज एसटीनं ये-जा. प्रयोग असो, गॅदरिंगचा माइक असो, नाहीतर नवा आलेला प्रोजेक्टर असो, बाबूभाई कुठूनतरी यायचे आणि माझ्या आणि बटणाच्या मधे उभे राहायचे. "सर, तुमी फकस्त सांगा. बटन म्या दाबतो." वर्षानुवर्षं हेच एक वाक्य. पोरं हसायची, मीही हसायचो.

त्या वाक्याला एक कारण होतं. ते पुढं सांगतो, कारण ते सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल.

बाबूभाई निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या आषाढात ते गेले. मयतीला कुरुंदवाडला जाऊन आलो, परत येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि मनात आलं, या माणसाला एक गोष्ट बोलायची राहूनच गेली. पण असं आपल्याला प्रत्येक मयतीनंतर वाटतं, आणि घरी येऊन आंघोळ केली की आपण विसरतो. मीही विसरलो.

आता कॉम्प्युटरकडं येऊ.

आमचा जुना कॉम्प्युटर चांगला बारा वर्षांचा होता. सकाळी सुरू करायचा, चहा करायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचे, मग कुठं तो डोळे उघडायचा. त्यातलं विंडोज इतकं जुनं झालेलं की आता पुढचं काही मिळणार नाही असं तो स्वतःच रोज सांगायचा. माझी निवृत्ती ऑक्टोबरअखेर. म्हटलं, आता घरी बसायचंय, काहीबाही लिहायचंय, तर एक नवा डबा घेऊन टाकू.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर खरं तर मी फारसा नसायचोच. वर्षाकाठी दोन प्रश्नपत्रिका काढायच्या, संपलं. दुपारी मी शाळेत असताना आमची नंदा, म्हणजे माझी बायको, त्याच्यावर टकटक करत असायची. मराठी टायपिंग ती त्यावरच शिकली. एकदा मी लवकर घरी आलो तर तिनं गडबडीनं पडदा बदलला. काय चाललंय म्हटलं, तर म्हणाली किराणा. वाकून बघितलं तर खरोखरच 'किराणा' नावाचं फोल्डर. मी गप मागं फिरलो. आमच्या घरात पुरुषानं किराण्यात लक्ष घातलं की त्याच्या हातात पिशवी येते.

मी काहीही घ्यायचं म्हटलं की आधी विचारतो. चप्पल घ्यायची तरी तिघांना विचारतो, मग चौथ्याच्या सांगण्यावरून घेतो. रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला आमची एक टोळी असते. तिथं विषय काढला. एकजण म्हणाला लॅपटॉप घ्या, मांडीवर बसतो. दुसरा म्हणाला या वयात मांडीवर काही घेऊ नका. तिसरा म्हणाला मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला, आणि त्याच मोबाईलवरचं त्याला वाचता येईना म्हणून माझा चष्मा मागून घेतला. मी शाळेत विचारलं, दुकानात विचारलं, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही विचारलं.

तुम्ही म्हणाल, वहिनींना विचारलं का? थांबा की. तेच तर सांगतोय.

त्या टोळीत शामूअण्णा. आमच्या खालच्या गल्लीतला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर यानं घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढलं आणि लिनक्स टाकलं. तेव्हापासून नुकती साखर सोडलेल्या माणसासारखं त्याचं झालंय. कुणाशीही बोलताना तिसऱ्या वाक्याला गाडी तिथं येते. त्याच्या पडद्यावर सुरू होताना एक पेंग्विन येतो, म्हणून आम्ही सगळे त्याला पेंग्विनच म्हणतो. सिस्टीमला म्हणतो म्हणजे, अण्णाला नव्हे.

"मास्तर, फुकाट हाय, व्हायरस न्हाय, आन बंद पडायचं नाव न्हाय," अण्णा म्हणाला.

मी विचारलं, मग सगळे का नाही वापरत?

"लोकांस्नी पैसं मोजल्याबिगर वस्तू खरी वाटत न्हाय."

हे मला एकदम पटलं. मास्तर माणसाला फुकट आणि तत्त्वाचं एकत्र मिळालं की आणखी काय हवं? ठरलं. राजारामपुरीतल्या एका दुकानातून नवा डबा घेतला. आत काही टाकू नका, रिकामाच द्या, असं अण्णानं दुकानदाराला बजावलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, सर, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून या नव्यातच बसवून देतो, म्हणजे तुमचं जुनं सगळं जसंच्या तसं राहील. नवी एक, जुनी एक, एकाच डब्यात दोन. अण्णा म्हणाला हे बेस झालं. दसऱ्याला मुहूर्तावर पेंग्विन बसवायचा असंही तिथंच ठरलं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा असते. तुमच्याकडंही असेल. विळी, कात्री, पक्कड, स्कूटर, मिक्सर, नंदाचं शिलाई मशीन. आदल्या दिवसापासून सगळं धुवायचं, घासायचं, पुसायचं आणि मग हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं. नव्या डब्याला तर तिनं अख्खा हार घातला. कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरचं रिकामं खोकं पडलं होतं, त्यालाही तिनं एक फूल वाहिलं आणि क्षणभर हात ठेवून उभी राहिली. मी थट्टा केली, म्हटलं त्यात आता काय राहिलंय? ती नुसती हसली. त्यातलं सगळं नव्या डब्यात सुखरूप आहे, अशी तिची समजूत होती. माझीही तीच होती.

दसऱ्याच्या दुपारी अण्णा पेनड्राइव्ह घेऊन हजर. विजयमुहूर्त तीनच्या आत होता. त्यानं मशीन सुरू केलं, भाषा मराठी निवडली, पडद्यावर सगळं मराठीत यायला लागलं. मला भरून आलं हो. तेवढ्यात त्याच्या घरून फोन आला, हुपरीची बहीण आणि तिची सगळी माणसं अचानक येऊन टेकली होती.

"पावणं आल्यात. अर्ध्या तासात येतो," अण्णा उठला. दारातनं परत वळून म्हणाला, "मास्तर, म्या येस्तोवर कशाला हात लावू नगासा."

आता मला असं सांगायला आवडलं असतं, की मुहूर्त चालला म्हणून बायकोनं घाई केली. तसं काही झालं नाही. ती स्वयंपाकघरात बासुंदी आटवत होती. तिथूनच दोनदा म्हणाली, अण्णांना येऊ दे, मुहूर्त काय पुढच्या वर्षीही येईल. घाई माझीच. पावणेतीन झाले, अण्णाचा पत्ता नाही, आणि पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबलेला: डिस्क पुसून नव्यानं बसवायचं का?

तुम्हीच सांगा, आदले दोन दिवस ज्यानं घरातली प्रत्येक वस्तू पुसून काढली आहे, त्या माणसाला हा प्रश्न कसा दिसणार? पुसल्याशिवाय पूजा कसली? मला तर वाटलं, बघा, या पेंग्विनलाही आपल्या रीतीभाती ठाऊक आहेत.

खाली दोन डिस्का दाखवत होता. एक मोठी, एक लहान. कुठली पुसायची? इथं मी विज्ञान लावलं. जुनी बारा वर्षांपूर्वीची, नवी आत्ताची. बारा वर्षांत जग पुढं गेलं, म्हणजे नवी ती मोठी. मी मोठी निवडली. नव्या डिस्का वेगवान असतात पण आकड्यानं लहान असू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गॅसवाल्यानंसुद्धा नाही.

पेंग्विन बिचारा पुन्हा म्हणाला, यावरचं सगळं जाईल आणि परत येणार नाही, खात्री आहे का? विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात असतंय बघा, तसलं वाटलं मला. अशी वाक्यं वाचायची नसतात, खाली सही करायची असते. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

सांगायला अभिमान वाटतो, काम अगदी निर्विघ्न पार पडलं. अण्णा आला तेव्हा पडद्यावर पेंग्विन बसला होता. आपल्याशिवाय झालं म्हणून अण्णा जरासा हिरमुसला. मग त्यानं विचारलं, "कुठल्या डिस्कवर टाकलासा?"

मोठ्या, मी म्हटलं.

अण्णा पडद्याकडं बघत राहिला. "मास्तर, मोठी जुनी हाय."

मग आता?

"मग काय. सोनं घ्या." त्यानं खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातात ठेवलं, सोन्यासारखं राहा म्हणाला आणि चपला घालून चालू लागला. बासुंदीला थांबला नाही. शामूअण्णा बासुंदीला थांबत नाही, तेव्हाच माणसानं ओळखायला हवं होतं.

पण मी खरंच निश्चिंत होतो. गेलं काय, तर माझ्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पुढच्या महिन्यापासून प्रश्न विचारायचेच नव्हते. संध्याकाळी आम्ही दसरा चौकात सोनं लुटून आलो, चार घरी पानं वाटली, आणि घरी आल्यावर नंदा नव्या कॉम्प्युटरसमोर हौसेनं बसली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अहो, माझा किराणा कुठाय?"

मी हसत हसत सांगितलं, की झाली जराशी गडबड, जुनं सगळं पुसलं गेलं, पण दसऱ्याला पाटी कोरी झाली हे बरंच नाही का? आणि किराण्याचं काय एवढं, तूरडाळ, साखर, चहापूड, मला तोंडपाठ आहे.

"सगळं?" तिनं विचारलं.

सगळं, मी म्हटलं.

तिनं मशीन बंद केलं, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि पुऱ्या तळायला गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी मीठ वाढू का, पाणी भरलंय का, एवढंच बोलली.

मला कळेना, किराण्याच्या यादीवरून माणूस एवढा खट्टू होतो? मग मी भरपाई करायचं ठरवलं. आधी लक्ष्मीपुरीत जाऊन दोन महिन्यांचा किराणा आणून टाकला. तरी तोंड उघडेना. मग मी त्या नव्या मशीनवर बसून, दोन बोटांनी टकटकत, तूरडाळीपासून फुलवातींपर्यंत अख्खी यादी तयार केली. रकाने पाडले. वर मथळा दिला, 'किराणा'. शेजारच्या दुकानातून रंगीत छापून आणली आणि तिच्या हातात ठेवली.

तिनं ती नीट वाचली. छान झालीय म्हणाली. घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवली आणि आत गेली. आत गेल्यावर ती रडत होती, हे मला भिंतीतून कळलं. आणि मी काय केलं असेल? मी दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर जाऊन याचा विनोद केला.

हो. केला. माझ्या बायकोचा किराणा पुसला गेला म्हणून ती सुतकात आहे, असं सांगितलं. सगळे पोट धरून हसले. शामूअण्णा तेवढा हसला नाही, बुटाची नाडी बांधत बसला. एवढा हशा मिळाला म्हटल्यावर मी तोच किस्सा घेऊन सोमवारी शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे होते. मी साभिनय सांगायला सुरुवात केली. पेंग्विन सांगितला, मोठी-लहान डिस्क सांगितली, अण्णाची बासुंदी सांगितली. चांगले हसत होते सगळे. मग मी नंदाचा आवाज काढून म्हणालो, "अहो, माझा किराणा कुठाय?"

कुणी हसलंच नाही.

मला वाटलं, नीट जमलं नाही, म्हणून मी परत एकदा म्हणून दाखवलं. आमच्या गवळी मॅडम, मराठी शिकवतात, माझ्याहून दोनेक वर्षांनी धाकट्या, त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, किराणा गेला म्हणजे सगळंच गेलं?"

होय की, मी म्हटलं.

"आणि बाबूभाईंचं?"

बाबूभाईंचा आणि आमच्या किराण्याचा काय संबंध?

मग त्यांनीच सांगितलं. नंदा फेब्रुवारीपासून माझ्या निवृत्तीचा गौरव अंक करत होती. सगळ्या शिक्षकांकडून, जुन्या विद्यार्थ्यांकडून माझ्याबद्दलच्या आठवणी मागवत होती. कुणी कागदावर लिहून देत होतं, कुणी फोनवर सांगत होतं, ती टाइप करून कागद परत करत होती, म्हणजे घरात पुरावा नको. फोल्डरला 'किराणा' नाव दिलं, कारण मी जिथं कधीही डोकावणार नाही अशी घरातली तेवढी एकच जागा. वर दोन-तीन खऱ्या याद्याही टाकून ठेवल्या होत्या, न जाणो मी उघडलंच तर.

आणि मार्च महिन्यात बाबूभाई कुरुंदवाडहून दोनदा एसटीनं आले होते. मी शाळेत असताना. त्यांना लिहिणं जमत नव्हतं, हात थरथरायचा. ते माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसून दोन दुपारी माझ्याबद्दल बोलले आणि नंदानं ते बोलतील तसं टाइप करून घेतलं. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. चार महिन्यांनी ते गेले.

पुढचा तास माझा नववीवर होता. काय शिकवलं ते आठवत नाही.

घरी गेलो. नंदा भाजी निवडत होती. तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हटलं, चुकलं माझं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही अख्ख्या रंकाळ्याला विचारलंत. गॅसवाल्याला विचारलंत. मला विचारलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, बाकी काही करा, माझा किराणा तेवढा ठेवा."

मी मेथीची जुडी ओढून घेतली आणि काड्या खुडायला लागलो. तेही मला नीट जमत नव्हतं.

शामूअण्णाला हे कळलं तेव्हा तो त्याच संध्याकाळी आला. त्यानं डबा खोलला, ती डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि गेलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाकडं घेऊन गेला. चार दिवस रोज तिथं जाऊन बसला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "मास्तर, पेंग्विन नेमका त्याच जाग्यावर बसलाय. तीनच गावल्या."

तीन गोष्टी. एक आमचं विजेचं बिल. एक गणपतीचा फोटो, तोही सोंडेपर्यंतच. आणि एक किराण्याची यादी. खरी यादी. साखर, रवा, जिरे, आगपेटी, आणि सगळ्यात खाली, 'बाबूभाई येणार, खारी आणणे'.

ती ओळ वाचली आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अण्णाही मागून येऊन उभा राहिला. लिनक्सबद्दल एक अक्षर बोलला नाही, एवढा तो चांगला माणूस आहे.

निवृत्तीचा दिवस आला. सगळ्यांनी आपापल्या आठवणी पुन्हा लिहून दिल्या होत्या. दुसऱ्यांदा लिहिताना माणूस आखडतो, त्यामुळं माझे गुण निम्म्यावर आले होते, पण ते खऱ्याच्या जवळ असावेत. नंदानं त्या सगळ्या हातानं लिहून वही बांधली. मधे एक पान कोरं सोडलं होतं. वर फक्त नाव, बाबूभाई.

हार झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. मी बोलायला उभा राहिलो. भाषण पाठ करून गेलो होतो. समोर ती वही उघडली तर नेमकं तेच पान निघालं. भाषण बाजूला ठेवलं आणि तेहतीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. तुम्हाला मघाशी पुढं सांगतो म्हटलं होतं ना, तेच हे.

माझं पहिलं वर्ष. शाळेत टोल जाऊन नवी विजेची घंटा बसली होती. त्या दिवशी तपासणीला साहेब आलेले. मी नुकताच विद्युतघंटेचा धडा शिकवून बाहेर पडलो आणि कार्यालयाच्या भिंतीवर ते नवं कोरं बटण दिसलं. म्हटलं, बघू तरी. दाबलं, आणि ते आतच अडकलं. लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. दुपारी दीड वाजता सगळी शाळा दप्तरं घेऊन, आरडाओरडा करत, तपासणीच्या साहेबांच्या अंगावरून फाटकाबाहेर.

हेडमास्तर धावत आले. कुणी दाबलं म्हणून ओरडले. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी बाबूभाई बोलले. हातात फडकं होतं त्यांच्या.

"म्या दाबलं, सायेब. पुसत हुतो, हात लागला."

साहेबांसमोर, सगळ्या मास्तरांसमोर त्यांना हेडमास्तरांनी नको नको ते सुनावलं. लेखी ताकीद दिली. मी हातात खडू घेऊन बाजूला उभा होतो. नंतर मी प्रयोगशाळेत गेलो तर ते परीक्षानळ्या धूत होते. वर न बघता म्हणाले, "माजी नोकरी पक्की हाय, सर. तुमची कच्ची. सोडा."

आणि मी सोडलं. नोकरी पक्की झाली, केस पांढरे झाले, तरी सोडलेलंच. ते निवृत्त झाले त्या सभेत मी त्यांच्यावर पंधरा मिनिटं बोललो, आणि घंटेचं बोललो नाही.

हे सगळं मी माइकवर सांगितलं. खाली बसलो तेव्हा हलकं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, खरं काय ते सगळ्यांच्या कानावर घातलं. बाबूभाई जिथं असतील तिथं त्यांना बरं वाटेल.

घरी येताना स्कूटरवर नंदा मागं, मांडीवर शाल आणि नारळ. रंकाळ्याजवळ आलो तेव्हा ती म्हणाली, "घंटेचं त्यांनी मला सांगितलं होतं."

खरं ते? मी विचारलं.

"नाही. घंटा आपणच पुसताना चुकून दाबली, आणि माने सर आपल्यासाठी हेडमास्तरांशी भांडायला गेले, असं. मला तसंच लिहून घ्यायला लावलं. पानभर होतं ते."

मी स्कूटर कडेला घेतली. पुढचं काही दिसेना. त्या माणसानं माझी लाज राखायचं ठरवलं होतं ते शेवटपर्यंत राखलं. गौरव अंकातसुद्धा.

"बाकीचं मला शब्दाला शब्द आठवत नाही," नंदा म्हणाली. "शेवटची ओळ तेवढी पाठ आहे. निघताना उभे राहिले, सदऱ्यावरचा खारीचा भुगा झटकला आणि म्हणाले, वहिनी, एवढं तेवढं टाका. सर लई मोठा मानूस. फकस्त त्यांच्या हातात कवा बटन देऊ नगासा."

आता बोला. तेहतीस वर्षांत मला इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं. ती ओळ जगात एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली होती, आणि ती पुसायचं बटण मीच दाबलं. पेंग्विननं तर विचारलंही होतं हो, खात्री आहे का म्हणून.